बुधवार ऐवजी गुरुवार असे वाचावे

आधीच सांगून ठेवतो, तारखांच्या बाबतीत मी हलगर्जी माणूस नाही. पाणीपुरवठा कार्यालयात गेली सव्वीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर बसतो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्यापुढे येतो, मी त्यावर तारखेचा शिक्का मारतो, वहीत नोंद करतो आणि मगच त्या कागदाला आमच्या कार्यालयात काही अस्तित्व येतं. त्या शिक्क्याला तारखेचं एक छोटं रबरी चाक आहे. रोज सकाळी ते एक घर पुढे सरकवायचं हे माझं पहिलं काम, आणि सव्वीस वर्षांत ते मी एकदाही विसरलेलो नाही. साहेबांना आजची तारीख हवी असली की ते भिंतीकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. अशा माणसाच्या हातून जे झालं ते कसं झालं, हे मी स्वतःच सांगितलं पाहिजे. कारण आमच्या इमारतीत ते सध्या तीन वेगवेगळ्या प्रकारांनी सांगितलं जातं आणि तिन्हींमध्ये मी मूर्ख ठरतो.

माझी बायको शिवणकाम करते. करते म्हणजे घराची पुढची खोली तिची आणि उरलंसुरलं घर आमचं दोघांचं. पुढच्या खोलीत दोन मशीन आहेत, कापडाचे गठ्ठे आहेत आणि एक खुर्ची आहे, जिच्यावर बसण्याआधी टाचण्या आहेत का ते हाताने चाचपून बघावं लागतं. (एकदा मी चाचपलं नव्हतं. तो विषय इथे नको.) तिचा सगळा कारभार तोंडी. माप घ्यायचं, कापडाला नंबराची चिंधी टाचायची आणि म्हणायचं, "गुरुवारी या." गुरुवारी कपडा तयार. अकरा वर्षांत "अजून झालं नाही" हे शब्द त्या खोलीत कुणी ऐकलेले नाहीत. ती याबद्दल कधी बोलत नाही, पण दुसऱ्या कुठल्या शिंप्याने कुणाला तीन खेपा घालायला लावल्याचं कानावर आलं की पायाखालचं पायडल जरा जोरात चालतं.

तर एके दिवशी तिच्याकडे एका नव्या हॉस्पिटलची मॅट्रन आली. उंच, शांत, आणि टेपसुद्धा घाबरून सरळ राहील अशा नजरेची बाई. नव्या विभागासाठी नर्सचे चाळीस युनिफॉर्म हवे होते. पंधरा तारखेला विभाग सुरू होणार, चौदाला, म्हणजे गुरुवारी, कपडे हातात हवेत. हे चाळीस वेळेवर आणि नीट मिळाले तर वर्षभराचं काम इथेच. मॅट्रन गेल्यावर बायकोने टेप भिंतीवर टांगला. मग म्हणाली, "कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याचं दुकान अजून रिकामंच आहे, नाही का?"

ते दुकान दोन वर्षं रिकामं होतं. समोर काच, आत उत्तरेचा उजेड. त्यावरून जाताना ती नेहमी चालणं हळू करायची आणि चपलेत खडा गेल्यासारखं दाखवायची. एवढे खडे आमच्या रस्त्यावर नाहीत हे मला माहीत होतं, पण मीही थांबायचो.

मॅट्रन जाता जाता एक गोष्ट म्हणाली होती. "कधी मिळतील ते लेखी द्या. वार आणि तारीख, दोन्ही. आमच्या कागदांना जोडायचंय." बायको लेखी देण्यासाठी इकडेतिकडे काही शोधू लागली आणि तिच्या हाती खडू लागला. त्याच क्षणी मी पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ते माझ्याकडे लागलं."

त्याचं असं की, नुकतंच आमच्या कार्यालयाने मला तीन दिवसांच्या संगणक प्रशिक्षणाला पाठवलं होतं. खरं तर दुसऱ्या एकाला पाठवायचं होतं, त्याची दाढ दुखत होती. प्रशिक्षणात आम्हाला एक सोपी भाषा शिकवली. चार ओळी लिहायच्या, की यंत्र आपलं ऐकतं. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडून स्वतःला नमस्कार करवून घेतला. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. घरात कोणीही आपल्याला विचारलं नसताना ज्ञान वापरण्याची संधी माणसाला आयुष्यात दोन-तीनदाच मिळते. मी बायकोला म्हटलं, "मॅट्रनचीच कशाला, तुझ्या सगळ्याच गिऱ्हाइकांना छापील चिठ्ठी देऊ. नंबर, कपडा, वार, तारीख. आपण फक्त तारीख घालायची, वार यंत्र काढेल. दहा ओळींची स्क्रिप्ट आहे."

"माझं तोंडी बरं चाललंय," ती म्हणाली.

"जग लेखी चालतं," मी म्हणालो. हे वाक्य नंतर मला बऱ्याच जणांनी ऐकवलं.

पहिली चिठ्ठी त्याच संध्याकाळी निघाली. चिठ्ठ्यांचं छोटं यंत्र मी मेहुण्याकडून आणलं होतं. त्याचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी "बाटली हलवून घ्या" असं आपोआप छापून यायचं. ते काढायला दीड दिवस लागला. मग मी ती चिठ्ठी शेजारच्या मास्तरांना दाखवायला नेली. मास्तर म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक, दोष काढण्यात कधीही निवृत्त न झालेले. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"चौदा तारीख समजली," ते म्हणाले. "पण हा सदतिसावा महिना कोणता?"

मी घरी येऊन पुन्हा छापली. एकेचाळिसावा महिना. पुन्हा छापली, बेचाळिसावा. मी यंत्र बंद करून सुरू केलं, तेवढ्यात चव्वेचाळिसावा झाला. माझ्यासारख्या माणसाने सव्वीस वर्षं एकेक दिवस जपून पुढे सरकवावा आणि इथे महिने असे भराभर उधळले जावेत, हे बघवत नव्हतं. बायको दारातून काजं करता करता बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. तुमचा महिना मिनिटकाट्याबरोबर चाललाय."

तसंच होतं. त्या भाषेत एकच अक्षर मोठं लिहिलं तर मिनिट आणि लहान लिहिलं तर महिना. मी मोठं लिहिलं होतं. माझा समज असा की महिना मोठा असतो, मिनिट लहान. यात चूक माझी आहे असं मला अजूनही वाटत नाही.

महिना जागेवर बसला, पण वार परक्या भाषेत येत होता. आमची गिऱ्हाइकं म्हणजे भाजीवाल्या, शाळेच्या शिपाईणबाई, बँकेचा दारवान. त्यांना परक्या भाषेतला वार देऊन काय उपयोग? मी तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरला जिन्यात गाठलं. त्याने न थांबता, पायऱ्या उतरता उतरता सल्ला दिला की यंत्राला आपली भाषा कोणती ते सांगा, एका ओळीचं काम आहे. मी सांगितलं. यंत्राने माझं म्हणणं ऐकलं आणि वाराच्या जागी सात रिकामे चौकोन छापले. पुढच्या वेळी जिन्यात भेटल्यावर तो म्हणाला, तुमच्या छोट्या यंत्रात ती अक्षरं नसतील, ती बसवून घ्या. मेहुण्याला फोन केला, तर तो म्हणाला की त्याला औषधांची नावं परक्याच भाषेत लागतात, तक्रार तुमचीच दिसते. तरी त्याने ती अक्षरं आणून बसवून दिली. एवढं झाल्यावर मी ठरवलं की आता वारांच्या बाबतीत यंत्राच्या मेहेरबानीवर राहायचं नाही. सात वार मला पाठ आहेत. मी स्वतः यादी लिहून देईन. यंत्राने फक्त सांगायचं, कितवा.

आता यादी कोणत्या वारापासून सुरू करायची? हा प्रश्न मी जिन्यात सहज विचारला आणि अर्धा तास इमारतीची वाहतूक बंद पडली. मास्तर म्हणाले, सोमवार, यात विचारायचं काय? न्हावी म्हणाला, त्याचं दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून आठवडा मंगळवारी सुरू होतो. बँकेच्या दारवानाची पाळी दर शनिवारी बदलते, त्याचा आठवडा शनिवारपासून. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, त्यांच्या वयात आठवडा सुरू होत नाही, चालू असतो. इंजिनिअर वरून ओरडला, "शून्यापासून सुरू करा!" शून्य नावाचा वार मी कधी ऐकलेला नसल्यामुळे त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. ते मी करायला नको होतं. शेवटी मी घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा आधार घेतला. तिथे पहिल्या ओळीत रविवार होता. मी यादी रविवारपासून लिहिली.

तुम्ही म्हणाल, मग तपासून का नाही बघितलंत? बघितलं. आजचा वार मला माहीत होता, तो यंत्राला विचारून त्याची परीक्षा कशी होणार? म्हणून मी लांबची तारीख घेतली, आमच्या लग्नाची. यंत्राने सांगितलं, शनिवार.

"रविवार होता," बायको मशीनवरून म्हणाली.

"शनिवार," मी चिठ्ठी दाखवली.

"अहो, मी तिथे होते."

"मीही होतो. पण आठवण वेगळी आणि गणित वेगळं."

तिने दोरा दातांनी तोडला. "माझ्या भावाच्या कारखान्याला रविवारची सुट्टी होती म्हणून तो येऊ शकला. दुसऱ्या दिवशी सोमवारी तो कामावर हजर झाला. तो सोमवार मला लक्षात आहे, कारण त्याला निरोप देताना मी रडले होते."

इथे मी गप्प बसलो असतो तर ही कथा झाली नसती. पण माझ्या हातात छापील कागद होता, आणि छापील कागद हातात असताना समोरच्याचं ऐकायचं नाही, हे माझ्या नोकरीचं शिक्षण. मी मेहुण्याला फोन केला. (हाच तो, तेव्हा कारखान्यात होता, औषधांचं दुकान नंतरचं.) तोही म्हणाला रविवार. मी त्याला म्हटलं, "यंत्राला नातीगोती नसतात." त्या आठवड्यात मी न्हाव्याला, मास्तरांना आणि कार्यालयात दोघांना सांगितलं की इतकी वर्षं आम्ही आमच्या लग्नाचा वार चुकीचा समजत होतो. बायको फक्त म्हणाली, "मग तुमच्या चिठ्ठ्या तुम्हीच वाचत जा." आणि तिने एकही वाचली नाही.

बुधवारी सहा तारखेला मी हॉस्पिटलची चिठ्ठी छापली आणि स्वतः नेऊन दिली. त्यानंतर चार दिवसांत बायकोच्या सोळा गिऱ्हाइकांना छापील चिठ्ठ्या मिळाल्या. लोकांना त्या इतक्या आवडल्या की शिपाईणबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेवावी तशी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. सोमवार हा बायकोचा कापडं बेतण्याचा दिवस, सोमवारी ती कुणालाच कपडे देत नाही. पहिली देणी मंगळवारी, बारा तारखेला होती.

सोमवारी अकरा तारखेला सकाळी बँकेचा दारवान दारात उभा. मागे शिपाईणबाई. त्यांच्यामागे भाजीवाली.

"उद्या यायचं," बायको खाली बसून कापड कापता कापता म्हणाली.

"चिठ्ठीवर सोमवार आहे," दारवान म्हणाला.

मला त्या दिवशी समजलं की जगात माणसं दोन प्रकारची असतात. काही तारीख बघतात आणि काही वार बघतात. तारीख बघणारे दुसऱ्या दिवशी आले आणि कपडे घेऊन गेले, त्यांना काही कळलंही नाही. पण वार बघणारे सगळे सोमवारी आले आणि सगळे मोठ्याने बोलणारे होते. "म्हणजे अजून झालं नाही म्हणा की," भाजीवाली म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते शब्द त्या खोलीत उच्चारले गेले. बायकोच्या हातातली कात्री कापडात अर्ध्यावर थांबली.

तिने दारवानाच्या हातून चिठ्ठी घेतली आणि पहिल्यांदाच वाचली. सोमवार, १२. मग शिपाईणबाईंची. सोमवार, १२. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर काय आहे?"

मी आत जाऊन यंत्रात बघितलं. बुधवार, १४. मला ते मोठ्याने वाचावं लागलं.

लोक गेल्यावर मला वाटलं आता ती बोलेल. मला ते हवंही होतं. पण ती भिंतीवरचा टेप काढून माझ्याजवळ आली आणि त्याचं टोक मला दाखवलं. "हे टोक झिजून एक बोट कमी झालं की काय होतं माहितेय? एखादं माप नाही, सगळीच मापं एका बोटाने चुकतात. तुमचे सगळे वार एका दिवसाने मागे आहेत. मधलं काही बिघडलेलं नाही. टोक बघा."

मी टोक बघितलं. यंत्र सोमवारला पहिला म्हणतच नव्हतं, शून्य म्हणत होतं आणि तिथूनच मोजत होतं. माझ्या यादीच्या टोकाला मात्र रविवार बसला होता. इंजिनिअर जिन्यातून ओरडला होता ते हेच. मी रविवार उचलून यादीच्या शेवटी नेला. एका शब्दाचं काम. मग मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. लग्नाची तारीख घातली. रविवार. मी ती चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. त्या वेळी ती तिला द्यायचं धैर्य मला झालं नाही.

चाळीसपैकी बत्तीस युनिफॉर्म तयार होते. उरलेले आठ बुधवारपर्यंत होणं शक्य नव्हतं, नीट होणं तर नाहीच. मंगळवारी मी रजा टाकली. साहेबांनी विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, दिनांकविषयक. ते एवढे गोंधळले की त्यांनी सही केली.

हॉस्पिटलमध्ये पहिल्या खिडकीने मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने भांडाराकडे, भांडाराने मॅट्रनकडे. मॅट्रन वॉर्डात फिरत होती. "चिठ्ठीत बदल असेल तर आवक-जावकला जा," कुणीतरी म्हणालं. माझा जीव भांड्यात पडला. आपलाच माणूस.

टेबलामागे माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच बाह्यांना शाई लागलेला कारकून बसला होता. समोर शिक्का, शिक्क्याला तारखेचं चाक. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे फाईल काढली, माझी चिठ्ठी काढली आणि बोट ठेवलं. "कागदावर बुधवार आहे."

"तारीख चौदा आहे ना? चौदाला गुरुवारच येतो."

"ते दिनदर्शिकेत. कागदावर बुधवार आहे. आमच्याकडे गाड्या वारावर लागतात, तारखेवर नाही. बुधवारी दुपारी गाडी तुमच्याकडे येणार. माल नसला तर 'माल दिला नाही' असा शेरा पडणार. शेरा पडला की वर्षाचं काम दुसरीकडे."

"पण गुरुवारी..."

"गुरुवारी गाडी ऑक्सिजनला लागलेली आहे."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो बोलत होता ते प्रत्येक वाक्य मी स्वतः सव्वीस वर्षं बोलत आलो आहे. तसाच शांत आवाज, तसंच कागदावर ठेवलेलं बोट. समोरच्या बाजूने ते कसं दिसतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. दिसायला ते फार वाईट दिसतं.

"आपण पाणीपुरवठ्यात ना?" त्याने अचानक विचारलं. "सहा वर्षांपूर्वी मी नळजोडणीचा अर्ज दिला होता. वर तारीख तीन होती, सहीजवळ चार. तुम्ही परत केलात."

"मग?"

"मग दुसरा दिला. तोवर तुमचा अर्जाचा नमुना बदलला होता. दोन महिने बायको खालून बादल्या भरून आणत होती."

मला तो अर्ज आठवेना. आठवला असता तर बरं झालं असतं, निदान काही कारण तरी सांगता आलं असतं. मी उभा होतो तो तिथल्या बाकावर बसलो आणि म्हणालो, "मला माफ करा. ती तारखेची चूक मी तुमच्यासमोर तिथेच दुरुस्त करून घेऊ शकत होतो. एक रेघ आणि एक सही. मी केली नाही."

तो बराच वेळ शिक्क्याचं चाक बोटाने फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "शुद्धिपत्रक द्या. तीन प्रती. पण सही काम घेणाऱ्याची लागेल, तुमची नाही. आणि बत्तीस तयार आहेत म्हणता ते कुणी बघितलंय?"

मी घरी धावलो. तासाभरात मी, बायको आणि तीन मोठी बोचकी भाड्याच्या रिक्षातून हॉस्पिटलच्या दारात उतरलो. बायकोच्या केसांत खडूची पांढरी रेघ होती आणि मनगटाला टाचण्यांची उशी तशीच बांधलेली. आता मॅट्रनही टेबलापाशी आली होती. तिने चिठ्ठी वाचली, बायकोकडे पाहिलं. "मी लेखी मागितलं होतं ते अशासाठीच. हे कसं झालं?"

बायको म्हणाली, "चिठ्ठी माझ्या कामाची आहे. चूक माझी."

एवढंच. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मला आधी लाज वाटली, मग इतकं भरून आलं की माझा आवाजच फुटेना. तो फुटला तेव्हा जरा मोठा फुटला. "नाही! चूक माझी आहे! तिने सांगितलं होतं तोंडी बरं चाललंय! मी रविवार पहिला धरला!" पलीकडच्या बाकावरचे दोन रुग्ण उठून उभे राहिले. मॅट्रनने हात वर केला, तसे ते बसले. मीही बसलो.

मग तिने बोचकं सोडलं. एक युनिफॉर्म काढला, शिवण उलटी करून बघितली. दुसरा काढला. तिसऱ्याला ती थांबली. "याचा खिसा उजवीकडे का?"

"माप घेताना विचारलं होतं," बायको म्हणाली. "तिघीजणी डावखुऱ्या आहेत. डावीकडच्या खिशातून पेन काढताना दर वेळी मनगट मुरडायला नको."

मॅट्रनने स्वतःच्या डावीकडच्या खिशातलं पेन काढलं. डाव्या हाताने, मनगट मुरडून, ओढूनताणून. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. "एकोणीस वर्षं," ती म्हणाली. मग आवक-जावककडे वळली. "बत्तीस आजच जमा करून घ्या. उद्याची गाडी रद्द. उरलेले आठ गुरुवारी हे स्वतः आणून देतील." हे म्हणताना तिने पेन माझ्याकडे रोखलं होतं.

"शुद्धिपत्रक?" कारकुनाने विचारलं.

मी त्याच्याच टेबलावर बसून ते लिहिलं. आयुष्यात शेकडो शुद्धिपत्रकं मी नोंदवली असतील, स्वतः लिहिलेलं हे पहिलं. "दिनांक सहा रोजी दिलेल्या चिठ्ठीतील 'बुधवार' या शब्दाऐवजी 'गुरुवार' असे वाचावे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी." बायकोने तिन्ही प्रतींवर सही केली. कारकुनाने दोनदा वाचलं, भिंतीवर वार पडताळला आणि म्हणाला, "मसुदा चांगला आहे." आमच्या व्यवसायात यापेक्षा मोठं कौतुक नसतं. त्याने शिक्का मारला.

गुरुवारी, खऱ्या गुरुवारी, मी आठ युनिफॉर्म इस्त्रीची घडी मोडू न देता दोन्ही हातांवर आडवे घेऊन हॉस्पिटलपर्यंत चालत गेलो. बसमध्ये चुरगळले असते. वाटेत न्हाव्याने, मास्तरांनी आणि भाजीवालीने मला आज कोणता वार असं विचारलं. मी प्रत्येकाला सांगितलं.

पुढच्या महिन्यात बायकोने कोपऱ्यावरचं दुकान घेतलं. छापील चिठ्ठ्या चालू आहेत, त्यावरचा वार ती स्वतः वाचून मगच देते. दुकान उघडायच्या सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, मी खिशातून तीन कागद काढून तिच्या कटिंगच्या टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"तीन प्रती लागतात," मी म्हणालो. "एक तुला, एक तुझ्या भावाला, एक दप्तरी."

तिने वाचलं. "आमच्या विवाहाबाबत निम्नस्वाक्षरीकाराने वेळोवेळी केलेल्या विधानांतील 'शनिवार' या शब्दाऐवजी 'रविवार' असे वाचावे. सदर चूक यंत्राची नसून निम्नस्वाक्षरीकाराची आहे. पत्नीचे म्हणणे सुरुवातीपासून बरोबर होते." खाली माझी सही, तारीख आणि वार. सोबत टाचलेली ती घडी पडलेली चिठ्ठी.

ती हसली नाही. काचेतून आत आलेल्या उजेडात तिने तो कागद दोनदा वाचला. मग नव्या दुकानासाठी मीच आणून दिलेली कोरी आवक वही उघडली, पट्टीने रकाने आखले आणि पहिल्या ओळीत लिहू लागली. मी उलट्या बाजूने वाचत होतो, सव्वीस वर्षांची सवय. क्रमांक एक. कोणाकडून: नवरा. विषय: लग्नाचा वार. शेवटच्या रकान्यापाशी ती थोडी थांबली, केसांतला खडू झटकला आणि शेरा लिहिला: उशिरा मिळाले. स्वीकारले.